साडेतीन वर्षांचे डोंगरे सर

आमच्या जीपमध्ये कितीही माणसं बसली तरी 'भरली' असं कोणी म्हणत नाही. रस्त्यावर आणखी एक जण हात करतो, आतले सगळे कुरकुरत बूड सरकवतात आणि तो बसतो. किश्श्यांचंही तसंच आहे. एक सांगायला घेतला की दुसरा हात करून उभाच असतो. आता तर इतके झालेत की दोन-चार टपावर बसवावे लागतील!

मी बालाजी. सेनगाव ते हिंगोली जीप चालवतो. शाळा सहावीत सोडली, कारण आमच्या घरची मेंढरं आणि गावची शाळा सकाळी एकाच वेळी सुटायची, आणि मी मेंढरांच्या मागं गेलो. तरी मी विद्यापीठाच्या वर्गात बसलोय. चोरून नाही, मॅडमनी बोलावून!

झालं असं, की माझी ताई, द्वारका, आमच्या गावात अंगणवाडी सेविका. लग्न मोडून माहेरी आली तेव्हापासून अंगणवाडी आणि मी, ही तिची लेकरं. तिनं विद्यापीठाचा बालशिक्षणाचा कोर्स लावला. दर रविवारी हिंगोलीच्या एका कॉलेजात क्लास. एकटी कशी जाणार, म्हणून तिनं अजून दोघींना ओढलं. एक गयाबाई, कनेरगाव नाक्याकडच्या अंगणवाडीच्या. आवाज असा की हॉर्न बिघडला तरी माझं काम अडत नाही. दुसऱ्या शबाना आपा, हिंगोलीत बालवाडी चालवतात. तिघींचा मिळून एक गट. वर्षाच्या शेवटी खऱ्या लेकरांसमोर, बाहेरून आलेल्या परीक्षकासमोर, गटाचा एक पाठ घ्यायचा. तो झाला तर पास.

ताई पोळ्यानंतर गेली. ताप आला, हिंगोलीला नेली, नांदेडला नेली, आणि परत आणली. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मधे कोणी 'ताई कशी आहे' विचारायला नको. तो शेवटचा पाठ तेवढा राहिला होता, आणि तो ताईच्याच अंगणवाडीत ठरला होता. तिथली लेकरं मात्र ताई गेल्यापासून आत पाऊल टाकत नव्हती. दारापर्यंत यायची, आत बघायची, परत जायची.

ते सांगतो. पण आधी हसून घ्या.

*

पहिला रविवार. मी कॉलेजबाहेर जीपमध्ये पाय वर करून झोपलो होतो. काचेवर टकटक झाली. बघतो तर ताईच्या कोर्सच्या मॅडम!

"तुम्ही द्वारकाताईंचे भाऊ ना? जरा लेकरू व्हायला येता का?"

मला वाटलं, मी अजून झोपेतच आहे.

या कोर्सची रीत अशी, की खऱ्या लेकरांना शिकवायच्या आधी एकमेकांवर सराव करायचा. एक जण बाई होणार, बाकीचे लेकरं होणार. आणि लेकरं कमी पडत होती. आता त्याच हॉलमध्ये दुसरा एक कोर्स चालायचा, शाळेच्या मुख्याध्यापकांसाठी, 'शालेय नेतृत्व' नावाचा. मॅडम एकच, हॉल एकच, म्हणून मॅडमनी हिशेब केला: सकाळी मुख्याध्यापकांनी आमच्या बायांची लेकरं व्हायचं, आणि दुपारी बायांनी मुख्याध्यापकांचे शिक्षक नाहीतर पालक व्हायचं!

मी आत गेलो आणि सतरंजीवर बसलो. शेजारी डोंगरे सर. सेनगावकडच्या एका शाळेचे मुख्याध्यापक. इस्त्रीचा सफारी, झुपकेदार मिशी, मांडी घालताना गुडघा कुकरसारखा वाजला.

मॅडमनी चिठ्ठ्या वाटल्या. प्रत्येक चिठ्ठीवर लेकराचा स्वभाव. मला आलं 'सारखं लघवीला जाणारं'. डोंगरे सरांनी चिठ्ठी उघडली, घडी घातली, परत उघडली.

"मॅडम, हे बदलून मिळेल का?"

"काय आलंय?"

"चावणारं."

"मग चावा ना!"

"मॅडम, मी मुख्याध्यापक आहे."

"आत्ता तुम्ही साडेतीन वर्षांचे आहात."

बाई झाल्या होत्या गयाबाई. पाठ रंगांचा. त्या लाल दाखवतात, पिवळा दाखवतात, एक डोळा डोंगरे सरांवर. सर आपले हाताची घडी घालून ताठ. गयाबाईंना राहवेना. चावणाऱ्या लेकराला कसं आवरायचं, हे त्यांनी पाठ करून आणलेलं. लेकरू चावलंच नाही तर आवरणार कोणाला?

"बाळा, काहून चावून न्हाई राहिला तू?"

सरांनी हाताची घडी आणखी घट्ट केली.

"चाव की रे सोन्या! ते बालाजी बघ कसं जवळ बसलं हाय!"

सरांनी माझ्याकडं बघितलं. मी सरांकडं बघितलं. मी करंगळी वर केली, पण मॅडमनी 'थांबा' म्हटलं. आणि सरांनी डोळे मिटले, माझा दंड धरला, आणि चावले.

हळूच चावले, खोटं कशाला बोलू. पण तोंड वर केलं तर समोरचा एक दात माझ्या बाहीत राहिलेला!

सर तोंडावर हात धरून बसलेले. आणि गयाबाई, पाठ न मोडता, दोन्ही हात वर करून ओरडल्या, "टाळ्या वाजवा रे! बाळाचा दुधाचा दात पडला!"

*

ताईचा पाठ 'आपले प्राणी' होता. मॅडमनी बजावलं होतं, "साहित्य आपल्या परिसरातलं आणा. विकतचं चकचकीत काही नको."

गयाबाईंनी भेंडी कापून ठसे आणले. शबाना आपांनी बाटल्यांची झाकणं आणली. ताईनं कोकरू आणलं.

जीपमध्ये, मांडीवर, शालीत गुंडाळून! वाटेत एका म्हातारीनं विचारलंसुद्धा, "किती महिन्याचं हाय ओ लेकरू?" ताईनं शाल सारून दाखवलं. म्हातारी पुढच्या थांब्याला उतरली. तिला जायचं होतं हिंगोलीला.

वर्गात कोकरू शहाण्यासारखं वागलं. मुख्याध्यापक मात्र नाही. जो तो पुढं सरकून हात लावतो, एक जण त्याला मोबाईलमध्ये फोटो दाखवतोय, डोंगरे सर म्हणतायत, "बाई, मला, मला!" कोणी चिठ्ठी दिली नव्हती तरी! मग कोकरू फिरत फिरत मॅडमच्या मांडीत गेलं आणि झोपलं. मॅडम शेरे लिहीत होत्या. हात हलला की ते जागं व्हायचं, म्हणून त्यांनी पेन खाली ठेवला. ताईनं पाठ संपवला. मॅडम उठेनात. ताईनं गाणं म्हटलं. मॅडम उठेनात. जेवणाची सुट्टी झाली, तरी त्या तशाच.

शेवटी कुजबुजत त्यांनी शेवटचा प्रश्न विचारला, कारण तो विचारावाच लागतो. "द्वारकाताई, हे साहित्य पुन्हा वापरता येईल का?"

"येईल की मॅडम," ताई म्हणाली. "फक्त पुढच्या वर्षी ते मारकं झालेलं असंल."

झालंय. खरंच मारतं आता. परवा मला गोठ्याच्या कुडावर नेऊन आदळलं. मारू दे.

*

दुपारचा मुख्याध्यापकांचा तास. विषय: 'रागावलेल्या पालकाशी संवाद'. मॅडमनी नियम सांगितले. मधे बोलायचं नाही. मान हलवत राहायची. पालक थांबले की शांतपणे म्हणायचं, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की..." आणि त्यांचंच म्हणणं त्यांना परत सांगायचं. त्यानं राग उतरतो म्हणे.

मुख्याध्यापक झाले डोंगरे सर. एव्हाना नवा दात बसवलेला. पालक झाल्या गयाबाई.

गयाबाईंनी सुरुवात नाटकातल्यासारखी केली. "काय ओ गुरुजी, माझ्या नातवाला काहून मारलं?" सरांनी मान हलवली. "लेकरू घरी येऊन जेवलं न्हाई." मान हलवली. "जेवलं न्हाई म्हणून मी सुनंला म्हणलं, जरा गरम भाकर टाक. तर ती फोनवर!" मान हलवली. "फोनवर कोण? तिची आई! रोज तीन येळा! आता मला सांगा, माझी आई मला कधी फोन करायची का?"

इथून नाटक संपलं होतं, पण सांगणार कोण? मधे बोलायचं नाही, हा नियम. सरांनी मान हलवली. गयाबाईंनी सून लग्नात काय बोलली ते सांगितलं. भाजीत मीठ किती असतं ते सांगितलं. बाकीच्यांनी डबे उघडले, खाल्ले, धुऊन आणले. सरांची मान हलतेच आहे, जीपच्या डॅशबोर्डवरच्या बाहुलीसारखी.

शेवटी गयाबाई दम घ्यायला थांबल्या. सरांना वाटलं, आता आली आपली वेळ. घसा खाकरून, अगदी मॅडमनी शिकवलं तसं, शांतपणे ते म्हणाले, "म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय, की तुमची सून वाईट आहे."

गयाबाई ताडकन उभ्या राहिल्या.

"ए मास्तर! माझ्या सुनंला नावं ठेवायचं काम न्हाई, सांगून ठेवते!"

*

मधे एक तास ऑनलाइन होता. कुठल्याशा मोठ्या सरांचं व्याख्यान, 'लेकरांचं लक्ष कसं वेधावं'. सगळ्या महाराष्ट्रातून बाया जोडलेल्या. आमच्या गावात रेंज नाही. गयाबाई म्हणाल्या, नाक्यावरच्या ढाब्यापाशी फुल रेंज असती. मग काय, जीप ढाब्यासमोर, मोबाईल बोनेटवर पाण्याच्या बाटलीला टेकवलेला, आणि तिघी स्टुलांवर. आमचा माईक चालू आहे, हे कोणाला ठाऊक?

मोठे सर बोलत होते, "बालकाचं अवधान ही फार नाजूक बाब आहे..." आणि मागून ढाब्याचा पोऱ्या कडाडला, "दोन शेवभाजी, एक पिठलं, तिखट कमी!"

सर थांबले. "कोण बोललं?"

ताईनं पदर तोंडात कोंबला. गयाबाई स्टुलाखाली वाकल्या, जणू काही तिथून त्या दिसणार नव्हत्या. पण शबाना आपा! त्या पुढं झाल्या आणि मोबाईलला म्हणाल्या, "सर, मैंने बोलवाया. बच्चा भूका रहा तो ध्यान कैसा लगेगा? पहले पेट देखो, बाद में पाठ. यहीच बताना था."

सर म्हणाले, "वा! अतिशय उत्तम! सगळ्यांनी हा मुद्दा लिहून घ्या."

सगळ्यांनी लिहून घेतला. मोबाईलवर खाली मेसेज येत होते, 'छान', 'खूप छान', 'सुंदर उदाहरण'. आणि कुठल्या गावच्या बाईनं ते माहीत नाही, पण एकीनं लिहिलं होतं: 'पिठलं इकडे पण एक.'

*

आता हा जरा माझ्यावरचा आहे.

त्यांना एक काम होतं, 'बालनिरीक्षण'. एखादं लेकरू निवडायचं, त्याच्यावर आठवडाभर लक्ष ठेवायचं, पण मधे पडायचं नाही, रागवायचं नाही. फक्त बघायचं आणि लिहायचं. मग वर्गात वाचून दाखवायचं, लेकराचं नाव न सांगता.

मी तेव्हा सतरंजीवर डोंगरे सरांशेजारी बसलेलो. आता मला तिथं माझी जागाच होती. ताई उभी राहिली आणि वाचायला लागली.

"बालक सकाळी हाक मारल्यावर उठत नाही. पांघरूण डोक्यावर ओढते. दुसरी हाक मारल्यास लाथ झाडते. आवडीची भाजी नसल्यास ताट सरकवते आणि बाहेर निघून जाते. थोड्या वेळाने आपोआप चुलीपाशी येऊन बसते, परंतु स्वतःहून मागत नाही. वाढले की खाते. रागात वस्तू फेकते. फेकलेली वस्तू कोणी बघत नसताना उचलून जागेवर ठेवते. अंधारात एकटे मागच्या अंगणात जात नाही. कोणी सोबत आले तर 'मी घाबरत नाही' असे सांगते."

मुख्याध्यापक मंडळी हसत होती. मीही हसत होतो. म्हटलं, कोणाचं आहे हे अवलक्षणी कार्टं!

मॅडम म्हणाल्या, "फार बारीक निरीक्षण आहे, द्वारकाताई. बालकाचं वय राहिलं लिहायचं."

"चोवीस," ताई म्हणाली.

सगळा हॉल माझ्याकडं वळला.

मॅडमनी ओठ घट्ट मिटले होते. पण प्रश्न विचारावाच लागतो. "आणि... उपाय काय सुचवता?"

"लग्न करून टाकावं."

डोंगरे सर इतके हसले की मला वाटलं, दुसराही दात जातो. मी उठलो, दार आपटलं, जीपमध्ये जाऊन बसलो. थोड्या वेळानं ताई डबा घेऊन आली. बोनेटवर डबा ठेवला आणि बाजूला उभी राहून रस्त्याकडं बघत राहिली. मी खाल्ला.

वाढले की खाते. बरोबरच लिहिलं होतं तिनं.

*

ताई गेल्यानंतरचा पहिला रविवार.

मला जायचं नव्हतं. पण गयाबाईंचा फोन आला, "जीप काहून आली न्हाई अजून?" मग काढली. माझ्या शेजारची पुढची सीट ताईची. त्या दिवशी मागं माणसावर माणूस, गयाबाईंच्या मांडीवर कोणाची तरी पोरगी, टपावर पिशव्या, आणि पुढची सीट मोकळी. कोणीच तिथं बसलं नाही.

वाटेत एका फाट्यावर एक जण डुलत डुलत आला. सकाळीच घेतलेली. दार उघडून पुढं बसणार, तर अख्खी जीप ओरडली, "ए! तिथं न्हाई!"

तो दचकला. मोकळ्या सीटकडं बघत म्हणाला, "काहून? कोणी बसलं हाय का?"

"व्हय," गयाबाई म्हणाल्या.

गडी पळत सुटला. शेतातून! मागं वळूनही बघितलं नाही. आम्ही इतके हसलो, इतके हसलो, आणि मग कोणीच हसेना.

सेनगावला डोंगरे सर चढायचे. ते उशिरा आले, घाईत होते, मागं पाय ठेवायला जागा नव्हती. पुढची सीट दिसली, बसले. त्यांचं काय चुकलं? पण माझं डोकं फिरलं. गाव ओलांडून थोडं पुढं गेल्यावर मी करकचून ब्रेक मारला.

"उतरा."

"काय झालं?"

"उतरा म्हणलं न!"

सर उतरले. आजूबाजूला नुसती तूर. मी जीप दामटली. मागून गयाबाई ओरडतायत, "बाळ्या, मास्तर ऱ्हायला! बाळ्या, तुला काय झालं रे!" मी ऐकतच नाही. पुलापर्यंत गेलो. मग वळवली आणि परत आलो.

सर तिथंच उभे. ऊन तोंडावर, सफारीला घाम, हातात डबा. पुढं चालत गेले नव्हते की कोणाला हात केला नव्हता. मी काच खाली केली. मला वाटलं, आता शिव्या देतील. द्यायलाच पाहिजेत. मीही तयारीत होतो.

त्यांनी मान हलवली. परत हलवली. मग अगदी शांतपणे म्हणाले, "म्हणजे तुला असं म्हणायचंय, की ही जागा ताईची आहे."

मी नुसती मान हलवली.

मागून गयाबाई म्हणाल्या, "जमलं ओ मास्तर तुम्हाला! पास!"

सर मागच्या फळीला लटकून हिंगोलीपर्यंत आले. सफारीत!

*

आणि आता तो पाठ.

दिवस ठरला. मॅडम म्हणाल्या होत्या, "दुसऱ्या गावात घेऊ या, द्वारकाताईंच्या अंगणवाडीतली लेकरं बसत नाहीत, तुमचं वर्ष जाईल." शबाना आपा घाबरल्या होत्या. पण गयाबाई म्हणाल्या, "द्वारकेनं तिचं गाव ठरवलं ते ठरवलं. अन् वर्ष गेलं तर मी पुन्हा येणार न्हाई. तिच्याबिगर मला न्हाई व्हायचं हे." म्हणजे त्या दिवशी लेकरं आत बसली तर दोघी पास. नाही बसली तर संपलंच, ताईनं सुरू केलेलं सगळंच. मी काही तिथं पास-नापास होणार नव्हतो, पण सकाळपासून मी जीप तीनदा पुसली होती.

जीप अंगणवाडीसमोर थांबली. मॅडम, परीक्षक बाई, गयाबाई, शबाना आपा, आणि सुट्टी टाकून आलेले डोंगरे सर. जीप बघून लेकरं पळत आली. एकेकानं आत डोकावलं. पुढच्या सीटवर बघितलं. आणि परत गेली.

मी स्टेअरिंग धरून बसलो.

मग सुरू झाली धमाल. गयाबाई ओट्यावर उभ्या राहून गाणं म्हणायला लागल्या. गावातली कुत्री आली, लेकरं आली नाहीत. शबाना आपांनी कागदाच्या चिमण्या उडवल्या. एक कोंबडी येऊन बघून गेली. डोंगरे सर म्हणाले, "मी बघतो." सफारीत उकिडवे बसून, डोक्यावर हातांचे कान करून ते सशासारख्या उड्या मारत लेकरांकडं गेले. एक लेकरू किंचाळलं आणि सगळी अंगणवाडीच्या मागं पळाली!

परीक्षक बाई चष्मा पुसत होत्या. दणदणीत आवाजाच्या गयाबाई एकदम बारीक आवाजात म्हणाल्या, "येतील ओ मॅडम. येतील. जरा थांबा."

आत खिचडी शिजत होती. आणि तेवढ्यात अंगणवाडीच्या मागून आवाज आला, "गोल करा! गोल म्हणलं की गोल! ते काय हाय, काकडी?"

आम्ही सगळे भिंतीच्या कोपऱ्यावरून मागं गेलो. हापशापाशी लेकरं गोल बसलेली. मधे ईश्वरी, चार वर्षांची. फ्रॉकवर कोणाचातरी टॉवेल पदरासारखा खोचलेला, पायात मोठ्या माणसाच्या चपला, एक हात कमरेवर. ही लेकरं रोज अंगणवाडीच्या मागं जाऊन अंगणवाडी-अंगणवाडी खेळत होती, आणि गावात कोणाला पत्ता नव्हता!

ईश्वरीनं आमच्याकडं बघितलं. ताईसारखीच, मान तिरकी करून.

"उशीर काहून झाला? बसा."

कोणाला काय करावं कळेना. सगळ्यांत आधी बसले डोंगरे सर. सवयच ती. ईश्वरी त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली आणि निरखून बघायला लागली.

"ते मिशी बाहीर काढून ठेव. चपला ठेवतो तिथं."

सरांनी दोन्ही हातांनी मिशी काढली, चपलांपाशी ठेवली आणि परत येऊन बसले. मग गयाबाई बसल्या, शबाना आपा बसल्या, मॅडम बसल्या. परीक्षक बाई राहिल्या. ईश्वरीनं त्यांचं बोट धरलं.

"नवीन हायस?"

"हो," परीक्षक बाई म्हणाल्या.

"रडायचं न्हाई. शू आली तर करंगळी दाखव."

गयाबाईंनी लगेच करंगळी दाखवली. ईश्वरी म्हणाली, "आत्ताच आलीस न्? बस गप." अख्खा गोल खिदळला. लेकरं गयाबाईंच्या अंगावर लोळून हसत होती.

मग तिनं मोठ्यानं म्हटलं, "चला आत. ऊन लागून राहिलं." आणि एकानं दुसऱ्याचा सदरा धरला, दुसऱ्यानं तिसऱ्याचा फ्रॉक, मधेच कुठंतरी परीक्षक बाईंचा पदर, आणि ही सगळी आगगाडी ओट्यावर चढली, उंबरा ओलांडून आत गेली आणि सतरंजीवर बसली. एकही मागं राहिलं नाही.

गयाबाई आणि शबाना आपा पास झाल्या, हे सांगून टाकतो. दोघींनी नंतर चिमण्यांचा पाठ घेतला, तो चांगलाच झाला असं म्हणतात. मी बघितला, पण मला त्यातलं फारसं आठवत नाही.

मला आठवतं ते त्याच्या आधीचं. सगळे बसल्यावर परीक्षक बाईंनी हात वर केला. "बाई, तुमचं नाव काय?"

"द्वारकाताई," ईश्वरी म्हणाली.

मॅडम खाली बघायला लागल्या. गयाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

मी उंबऱ्याबाहेरच होतो. मला काय झालं सांगता येत नाही. लेकरांसमोर, परीक्षकांसमोर, हुंदकाच फुटला. थांबवता येईना. नाकातून, डोळ्यांतून, सगळीकडून!

ईश्वरी चपला फटफट वाजवत दारात आली. मला वाकवलं. टॉवेलचं टोक धरून माझं नाक पुसलं, जोरात.

"काहून रडून राहिला रे? तुझी आई येती खिचडी झाल्यावर."

"आई न्हाई," मी म्हणालो. "ताई."

तिनं कमरेवर हात ठेवले. फार वैतागली.

"मंग मी कोण हाय? चल, आत बस. तोंडावर बोट."

मी आत गेलो. डोंगरे सर थोडे सरकले. मी त्यांच्याशेजारी बसलो आणि तोंडावर बोट ठेवलं.